कोरो : समोर बसून काढलेले आणि घरी आठवून काढलेले

पायवाट :

इटलीच्या उम्ब्रिया प्रांतात नार्नी नावाचे डोंगरमाथ्यावरचे गाव आहे. त्याच्या पायथ्याशी नेरा नदीवर सम्राट ऑगस्टसच्या काळात बांधलेला एक अवाढव्य पूल होता आणि त्याचे भग्न अवशेष आजही उभे आहेत. १८२६ च्या सप्टेंबरमध्ये तीस वर्षांच्या एका फ्रेंच चित्रकाराने दरीच्या कडेला बसून, हातभर रुंदीच्या कागदावर, तैलरंगात त्या पुलाचे अभ्यासचित्र केले. नदीचे पाणी, उन्हाने भाजलेली माती, मोडक्या कमानी आणि लांब निळसर होत गेलेले डोंगर एवढेच त्यात आहे; अगदी पुढच्या भागात तर नुसते ब्रशचे फटकारे आहेत. नंतर रोममधल्या आपल्या खोलीत त्याने तोच पूल जवळजवळ दुप्पट मोठ्या कॅनव्हासवर पुन्हा काढला आणि पॅरिसच्या १८२७ च्या सालों या सरकारी कलाप्रदर्शनाकडे पाठवला. या दुसऱ्या चित्रात पुढच्या बाजूला रस्ता आला, मेंढपाळ आणि त्यांची जनावरे आली, डावीकडे छत्रीसारखे पाईन वृक्ष आले. पहिले चित्र आज लूव्रमध्ये आहे, तर दुसरे ओटावा येथील कॅनडाच्या राष्ट्रीय कलादालनात.

हा चित्रकार म्हणजे ज्याँ-बाप्तीस्त कामीय कोरो (१७९६–१८७५). त्याच्याविषयी जे काही वाचायला मिळते त्यात एक मत वारंवार भेटते : इटलीत उघड्यावर बसून चित्रे काढणारा तरुण कोरो हाच खरा, आणि पुढे धुक्यातली तळी व रुपेरी झाडे रंगवणारा म्हातारा कोरो म्हणजे गिऱ्हाइकांच्या आवडीपुढे नमलेला कारागीर. गंमत अशी की त्याच्या हयातीत लोकांचे मत नेमके उलट होते. मला ही विभागणीच मान्य नाही. समोर बसून पाहणे आणि घरी येऊन आठवणे ही त्याच्यासाठी एकाच कामाची दोन टोके होती, असे मला वाटते, आणि ते मांडण्यासाठी हा धागा काढला आहे. आपली मते वेगळी असतील तर ती अवश्य लिहावीत.

आधी थोडे चरित्र सांगतो. कोरोचा जन्म १६ जुलै १७९६ रोजी पॅरिसमध्ये झाला. त्याची आई मूळची स्विस घराण्यातली. सेन नदीजवळच्या रस्त्यावर तिचे बायकांच्या टोप्यांचे दुकान होते आणि ते चांगले चालत असे. मुलाला रुआँच्या शाळेत घातले, नंतर कापडाच्या धंद्यात उमेदवारीला लावले. तिथे त्याचे मन रमले नाही. शेवटी १८२२ मध्ये, मुलगा सव्वीस वर्षांचा झाल्यावर, वडिलांनी हार मानली आणि वर्षाला १५०० फ्रँकचा तनखा बांधून दिला. हा तनखा आधी त्याच्या धाकट्या बहिणीच्या वाट्याचा होता. ती नुकतीच वारली होती. घरातल्या दुःखातून आलेल्या त्या रकमेवर एका माणसाचे सगळे चित्रकार-आयुष्य उभे राहिले. त्याला चित्र विकून पोट भरावे लागले नाही, म्हणूनच पन्नाशीपर्यंत फारसे कोणी विकत घेत नसतानाही तो आपल्या मार्गावरून ढळला नाही, हे लक्षात ठेवायला हवे.

त्याचा पहिला गुरू आशिल-एत्ना मिशालों हा त्याच्याच वयाचा होता. ऐतिहासिक निसर्गचित्रासाठी १८१७ मध्ये सुरू झालेल्या रोमच्या सरकारी पारितोषिकाचा तो पहिला मानकरी. जे दिसते ते प्रामाणिकपणे उतरवायचे, एवढाच धडा त्याने कोरोला दिला आणि काही महिन्यांतच, पंचविसाव्या वर्षी, तो मरण पावला. त्यानंतर कोरो ज्याँ-व्हिक्तोर बेर्तें यांच्याकडे गेला. या सगळ्यांच्या मागे पिएर-आंरी द वालांसिएन यांची शिकवण होती. वालांसिएन यांनी १८०० साली लिहिलेल्या ग्रंथात होतकरूंना सांगितले होते की उघड्यावर तैलरंगात झटपट अभ्यासचित्रे करावीत; एका अभ्यासाला दोन तासांहून अधिक वेळ देऊ नये आणि सूर्योदय-सूर्यास्त असेल तर अर्ध्या तासाहून अधिक देऊ नये, कारण तेवढ्यात उजेड बदलतो. पण हे अभ्यास म्हणजे चित्रे नव्हेत. ते घरी न्यायचे, भिंतीला लावायचे, आणि त्यांच्या आधाराने पुराणातला किंवा इतिहासातला प्रसंग घालून प्रदर्शनाचे चित्र रचायचे, अशी ही पद्धत होती. म्हणजे नार्नीच्या दोन चित्रांत जो फरक दिसतो तो कोरोने शोधलेला नव्हता. त्या काळी प्रत्येक निसर्गचित्रकार तसेच करत असे.

मग कोरोचे वेगळेपण कुठे आहे? मला ते रोममधल्या मार्च १८२६ च्या तीन लहान चित्रांत दिसते. पॅलाटिन टेकडीवरच्या फार्नेसे बागेत तो काही आठवडे रोज जात राहिला. सकाळी एका दिशेचे दृश्य, दुपारी कलोसियम आणि संध्याकाळी फोरम (प्राचीन रोमचा भग्न चौक) अशी तीन अभ्यासचित्रे त्याने एकाच वेळी चालवली. प्रत्येक चित्राची वेळ ठरलेली होती आणि ती वेळ टळली की त्या दिवशी त्या चित्राला हात लावायचा नाही, असा त्याचा परिपाठ होता. दोन तासांचा अभ्यास अनेक दिवसांवर पसरवून, तरीही त्यातला उजेड एकाच तासाचा ठेवण्याची ही युक्ती आहे. कलोसियमच्या चित्रात झाडांच्या गडद हिरव्यापलीकडे ती भली मोठी इमारत फिक्या विटकरी रंगात उभी आहे आणि तिच्यावर कसलेही नाट्य नाही. फोरम आणि कलोसियम ही दोन चित्रे त्याने आयुष्यभर स्वतःजवळ ठेवली आणि मृत्युपत्राने लूव्रला दिली. आयुष्याच्या शेवटी आपल्या नावाने देशाला काय द्यावे, असा विचार करताना ज्या माणसाने तिसाव्या वर्षी उन्हात बसून केलेली दोन कागदी अभ्यासचित्रे निवडली, त्याने आपल्या तरुणपणाला कधी टाकून दिले असेल, हे मला पटत नाही.

ओंजळ :

लेख अतिशय आवडला. माझा एक प्रश्न आहे. कोरोच्या उत्तरायुष्यातल्या कितीतरी चित्रांच्या शीर्षकात ‘सुव्हनीर’ हा फ्रेंच शब्द येतो. त्याचा अर्थ स्मरण, आठवण. तो वाचला की मला शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा आठवतात. त्यात स्मरणचित्राचा एक पेपर असे आणि आम्ही वर्षभर बाजार, बसथांबा, पतंग उडवणारी मुले यांची चित्रे अक्षरशः पाठ करत असू. परीक्षेला बसेपर्यंत त्या चित्रात स्मरण उरलेले नसे, फक्त सवय उरलेली असे. डावीकडे झाड, उजवीकडे घर, मध्ये माणसे. कोरोची उशिराची चित्रे पाहताना मला तीच शंका येते. एका बाजूला वाकलेले मोठे झाड, पलीकडे पाणी, काठावर लाल टोपीचा ठिपका. हे खरोखरच आठवून काढलेले आहे, की तोही पाठ केलेले चित्र पुन्हा पुन्हा लिहून काढत होता?

पायवाट :

ओंजळ, प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

‘मोर्तफोंतेनचे स्मरण’ हे चित्र त्याने १८६४ च्या सालोंमध्ये मांडले. मोर्तफोंतेन हे पॅरिसच्या उत्तरेला, तळी आणि जुन्या राईंसाठी प्रसिद्ध असलेले ठिकाण. चित्राची रुंदी ९० सेंटिमीटरच्या आतच आहे. उजवीकडून एक प्रचंड झाड जवळजवळ सगळ्या आभाळावर झुकलेले आहे, डावीकडे एक काटकुळे झाड आहे, त्याच्याकडे हात उंचावून एक स्त्री काहीतरी तोडते आहे आणि जवळ दोन मुले आहेत. मधले सगळे पाणी. आता यात नेमके काय आठवलेले आहे? झाडाची जात ओळखू येत नाही, पाने मोजता येत नाहीत, तळ्याचा पलीकडचा काठ कुठे संपतो हे सांगता येत नाही. पण पाण्यावरचा उजेड आणि आभाळातला उजेड यांत जो किंचित फरक आहे, तो अचूक आहे. ज्याने पहाटे तळ्याकाठी उभे राहून पाहिले आहे, त्याला तो फरक ओळखीचा वाटतो. म्हणजे त्याने तपशील विसरून जाऊ दिले आणि उजेडाची नाती तेवढी धरून ठेवली. पाठ केलेल्या चित्रात नेमके उलटे घडते. तिथे वस्तू लक्षात राहतात आणि त्यांच्यावरचा उजेड हरवतो. आपल्या शाळेतल्या स्मरणचित्रात झाड, घर, माणूस सगळे जागच्या जागी असायचे, पण सकाळ आहे की दुपार, हे कोणालाच सांगता येत नसे.

त्याची दिनचर्याही यात लक्षात घ्यावी लागते. उन्हाळ्याचे महिने तो गावोगाव हिंडून समोर बसून काम करी आणि हिवाळ्यात पॅरिसच्या कार्यशाळेत मोठी चित्रे पूर्ण करी. हा क्रम त्याने म्हातारपणीही मोडला नाही. पॅरिसजवळच्या विल-दाव्रे येथे वडिलांनी १८१७ मध्ये घर घेतले होते आणि तिथली तळी त्याने जवळजवळ साठ वर्षे पाहिली. साठ वर्षे पाहिलेली जागा माणूस समोर बसून काढतो की आठवून, हा भेद शेवटी किती शिल्लक राहत असेल?

जलरंग :

मी स्वतः गेली वीस-बावीस वर्षे आठवड्यातून एकदा बाहेर बसून चित्रे करतो, म्हणून करणाऱ्याच्या बाजूने थोडे लिहितो.

कोरोच्या वह्यांतल्या रेखाटनांत एक खूण सापडते. ज्या जागा सर्वांत उजळ आहेत तिथे तो लहान वर्तुळ काढी आणि ज्या सर्वांत गडद आहेत तिथे चौकोन. कार्यशाळेत परतल्यावर त्या खुणा पाहून त्याला आख्ख्या दृश्याचे टोन, म्हणजे उजळ-गडदपणाच्या पायऱ्या, पुन्हा उभे करता येत असत. विद्यार्थ्यांना तो सांगे की आधी आकार, मग टोन, मग रंग आणि शेवटी हाताची सफाई. रंग तिसऱ्या क्रमांकावर आहे, हे पाहून मी पहिल्यांदा थबकलो होतो. आपल्याकडे बाहेर चित्र काढायला बसले की पहिला हात हिरव्याकडे जातो. पुढे अनेक वर्षांनी कळले की हिरवा चुकला तरी चित्र तरते, टोन चुकला तर कोणताही हिरवा ते वाचवू शकत नाही.

मी त्याची वर्तुळे-चौकोनांची पद्धत स्वतः करून पाहिली. पावसाळा संपताना सह्याद्रीच्या एका घाटात बसलो होतो. दरीत ढग होते आणि समोरच्या कड्याच्या पाच-सहा रांगा एकामागे एक फिक्या होत गेल्या होत्या. रंगपेटी न उघडता फक्त पेन्सिलीने रेखाटन केले आणि खुणा मांडल्या. डोळे अर्धवट मिटून पाहिले तेव्हा लक्षात आले की सगळ्या दृश्यात खराखुरा चौकोन एकच आहे, माझ्या जवळच्या खडकाखालची सावली. बाकी सगळे मधल्याच छटांत होते. घरी आल्यावर तीन दिवसांनी त्यावरून चित्र केले आणि ते जागेवर केलेल्या माझ्या नेहमीच्या चित्रांपेक्षा अधिक खरे उतरले. त्या दिवसापासून कोरोची धुक्यातली चित्रे मला कधी गुळगुळीत वाटली नाहीत.

साहित्याबद्दलही एक सांगण्यासारखे आहे. तो जवळजवळ प्रत्येक रंगात शिशाचा सफेदा मिसळत असे. त्यामुळे हिरवा, तपकिरी, निळा हे सगळे एकाच दुधाळ कुटुंबातले वाटतात आणि ज्याला लोक ‘रुपेरी’ म्हणतात तो परिणाम साधतो. सगळे रंग शेजारी शेजारी आणले की त्यांतले फरक फार बारीक होतात, आणि बारीक फरक सांभाळायला नजर तयार लागते. मग शेवटी एखादा लाल ठिपका ठेवला की सारे करडे-हिरवे एकदम जागे होते. ओंजळ यांनी म्हटलेला लाल टोपीचा ठिपका त्यासाठी असतो. तो त्याने पुन्हा पुन्हा वापरला हे खरे, पण गवयीसुद्धा समेवर पुन्हा पुन्हा येतोच.

तांबडी माती :

चर्चा वाचून आनंद झाला, परंतु दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी.

उशिराच्या कोरोला मागणी प्रचंड होती. १८५५ च्या जागतिक प्रदर्शनानंतर फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याने ‘मार्कुसीचे स्मरण’ हे त्याचे चित्र विकत घेतले. त्यानंतर व्यापाऱ्यांची रीघ लागली. एकाच धाटणीची चित्रे त्याने मोठ्या संख्येने केली, हे त्याचे चाहतेही नाकारणार नाहीत. बनावट कोरोंचा जो महापूर आला त्याचेही एक कारण हेच आहे. ज्या चित्रकाराची धाटणी ठरून गेली आहे त्याची नक्कल सोपी असते. अलेक्सांद्र द्युमा यांच्या त्याच नावाच्या लेखक-मुलाने घेतलेला एक कोरो १८८३ मध्ये पॉल-देझिरे त्रुयबेर या दुसऱ्याच चित्रकाराचा निघाला आणि त्यावर मोठे प्रकरण झाले. जुसोम नावाच्या एका फ्रेंच डॉक्टरांच्या संग्रहात तर दोन हजारांहून अधिक तथाकथित कोरो होते आणि ते सगळे खोटे ठरले. नार्नीच्या त्या कागदी अभ्यासाची नक्कल करून दाखवा म्हटले तर किती जणांना जमेल? तिथे प्रत्येक फटकारा त्या एका उन्हाला बांधलेला आहे. धुक्याला तसे बंधन नसते. धुक्यात चूकही झाकली जाते.

पायवाट यांचा मूळ मुद्दा मला आकर्षक वाटतो, पण तो मोर्तफोंतेनसारख्या निवडक चित्रांना लागू पडतो. उरलेल्या शेकड्यांना तो लागू करणे म्हणजे प्रेमापोटी डोळे मिटणे होईल.

पायवाट :

तांबडी माती, आपल्या म्हणण्यातला बराच भाग मी मान्य करतो. त्याची शेवटच्या वीस वर्षांतली सगळी चित्रे एका तोलाची नाहीत. त्याच्या भिडस्त स्वभावानेही घोटाळ्यात भर घातली. विद्यार्थ्यांना आणि परिचितांना तो आपली चित्रे नकलायला देई, कधी त्यांच्या चित्रांवर स्वतःचा हात फिरवी, आणि एखाद्या गरजू चित्रकाराच्या कामावर स्वतःची सही करून दिल्याच्याही हकीकती आहेत. आल्फ्रेद रोबो यांनी आयुष्य खर्चून त्याच्या कामाची जी सूची तयार केली आणि जी १९०५ मध्ये छापली गेली, तीत सुमारे अडीच हजार चित्रांची नोंद आहे. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात सरधोपट काम असणारच.

पण धुके हा त्याचा आसरा होता, हे मात्र मी मान्य करणार नाही, आणि त्यासाठी एकच चित्र पुढे करतो. १८७१ मध्ये, पॅरिसमध्ये सरकारविरुद्ध कम्यूनचा उठाव चालू असताना, कोरो उत्तरेकडच्या अरास आणि दुए या गावांत मित्रांकडे होता. तिथे एका घराच्या खिडकीतून त्याने दुएच्या घंटाघराचे चित्र केले. तो तेव्हा पंचाहत्तरीला टेकला होता. त्या चित्रात धुक्याचा लवलेश नाही. दोन्ही बाजूंच्या घरांच्या भिंती, मधला रस्ता, त्यावरची माणसे आणि शेवटी आभाळात उभा असलेला तो मनोरा, सगळे नार्नीइतकेच स्वच्छ आणि टणक आहे. मांत येथील पुलाचे चित्रही (१८६८–७०) तसेच. पुढची झाडे उभी-आडवी चित्र कापून जातात आणि त्यांच्या मागून पुलाचा फिका दगड दिसतो. म्हणजे तरुणपणीची नजर त्याच्याजवळ शेवटपर्यंत होती आणि हवी तेव्हा ती तो वापरत होता. धुके वापरले ते चित्राला हवे होते म्हणून.

अंधारखोली :

मी छायाचित्रणातला माणूस आहे, त्यामुळे एका वेगळ्या अंगाने लिहितो. अरासचा उल्लेख आला म्हणून विशेष.

अरास येथे कोंस्तां द्युतियो हे चित्रकार कोरोचे जवळचे मित्र होते. त्यांच्या वर्तुळातल्या छायाचित्रणाच्या हौशी लोकांनी १८५३ मध्ये कोरोला एक नवे तंत्र दाखवले. काचेवर कलोडियन या चिकट रसायनाचा थर देऊन तो अपारदर्शक करायचा, त्यावर सुईने ओरखडत चित्र काढायचे, आणि मग ती काच संवेदनशील कागदावर ठेवून उन्हात धरायची. जिथे ओरखडा आहे तिथून ऊन आत जाते आणि कागदावर काळी रेघ उमटते. कॅमेरा नाही, भिंग नाही, छापखान्याचे यंत्रही नाही. कोरोने पुढच्या वीस वर्षांत अशा साठाहून अधिक काचा केल्या. या रेघा पाहाव्यात. त्या इतक्या सैल, वेगवान आणि मोकळ्या आहेत की झाड म्हणजे झाडाची हालचाल एवढेच उरते.

दुसरे असे की त्या काळच्या काचेच्या निगेटिव्हवर झाडांची पाने उजळ आभाळासमोर आली की कडा पसरत, कारण प्रकाश थरातून बाजूला झिरपत असे. शिवाय काही सेकंदांच्या एक्सपोजरमध्ये वाऱ्याने पाने हलून धूसर होत. कोरोच्या १८५० नंतरच्या झाडांत हीच धूसर कड दिसते, असे अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे, आणि त्याच्या मृत्यूनंतर कार्यशाळेत शेकडो छायाचित्रे सापडली हेही खरे आहे. मला स्वतःला त्यात उसनवारी दिसत नाही. मला असे वाटते की यंत्राने जे पाहिले ते त्याने ओळखले, कारण तेच त्याला आधीपासून दिसत होते : पानाला कड नसते, उजेडाला असते.

ओंजळ :

आपल्या सर्वांच्या प्रतिसादांमुळे माझी शंका बरीच फिटली आहे. आता उत्सुकता अशी आहे की पुढच्या पिढीने त्याच्याकडून नेमके काय घेतले. त्याच्या माणूस म्हणून असलेल्या मोठेपणाविषयीही लिहावे, ही विनंती.

पायवाट :

पुढे इम्प्रेशनिस्ट म्हणून गाजलेला चित्रकार कामीय पिसारो त्याच्याकडे सल्ल्यासाठी जात असे आणि १८६४ व १८६५ च्या सालोंच्या सूचीत त्याने स्वतःला कोरोचा शिष्य म्हणवून घेतले. चित्रकर्ती बेर्त मोरिसो आणि तिची बहीण १८६० च्या सुमारास त्याच्या मार्गदर्शनाखाली विल-दाव्रेच्या परिसरात उघड्यावर काम करत होत्या. निसर्गचित्रकार दोबिन्यी तर मित्रच. त्याने नावेवर कार्यशाळा थाटली तेव्हा सगळ्यांनी मिळून कोरोला त्या नावेचा मानद नौसेनापती केले होते. मात्र बदलता उजेड जागेवरच टिपू पाहणाऱ्या इम्प्रेशनिस्टांनी घेतले ते निम्मेच, असे मला वाटते. जागेवर बसणे त्यांनी घेतले आणि टोनची शिस्तही काही काळ घेतली. परंतु आठवणीचा अर्धा भाग त्यांनी सोडून दिला. देगा या चित्रकाराने तो अर्धा भाग जपला. निसर्गचित्राशी फारसे सख्य नसलेला हा माणूस कोरोची चित्रे प्रेमाने संग्रही ठेवत असे, याचे मला पूर्वी आश्चर्य वाटे. आता वाटत नाही.

समीक्षकांत कवी बोदलेरचे ऋण मानायला हवे. १८४५ च्या सालोंवर लिहिताना, कोरोची चित्रे ‘अपुरी’ आहेत या तक्रारीला त्याने उत्तर दिले की घडलेली कलाकृती आणि हात फिरवून गुळगुळीत केलेली कलाकृती या दोन गोष्टी आहेत. जे घडले आहे ते बहुधा गुळगुळीत नसते, आणि अगदी गुळगुळीत झालेले कित्येकदा घडलेलेच नसते. बोदलेर तेव्हा चोवीस वर्षांचा होता आणि कोरो अठ्ठेचाळीसाचा.

माणूस म्हणून तो अत्यंत साधा होता. इटलीतून १८२६ मध्ये आबेल ओस्मों या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने कळवले होते की आयुष्यात मला निसर्गचित्रे काढण्यापलीकडे काहीही करायचे नाही आणि त्यामुळे लग्नासारख्या बंधनात मी पडणार नाही. तो तसाच राहिला. आई-वडील असेपर्यंत त्यांच्या शब्दाबाहेर गेला नाही. आई १८५१ मध्ये गेली तेव्हा त्याने पन्नाशी ओलांडली होती. हातात पैसा आला तो उशिरा, आणि आला तसा तो वाटत राहिला. १८७० मध्ये प्रशियाच्या सैन्याचा पॅरिसला वेढा पडला तेव्हा गरिबांसाठी त्याने मोठी रक्कम दिली. व्यंगचित्रकार ओनोरे दोमिए म्हातारपणी दृष्टी गमावून कर्जात बुडाला, तेव्हा त्याच्या डोक्यावरचे छप्पर जाऊ नये म्हणून कोरोने घराची व्यवस्था केली. १८७५ च्या जानेवारीत चित्रकार मिलेचे निधन झाले, तेव्हा स्वतः आजारी असताना त्याने मिलेच्या विधवेला १०,००० फ्रँक पाठवले. त्यानंतर महिनाभरात, २२ फेब्रुवारी १८७५ रोजी, तो गेला. आदल्या वर्षी सालोंचे मानाचे पदक त्याला डावलून जेरोम या चित्रकाराला दिले गेले होते. त्याच्या मित्रांना आणि चाहत्यांना ते सहन झाले नाही आणि त्यांनी वर्गणी काढून डिसेंबरमध्ये त्याला सुवर्णपदक अर्पण केले.

जलरंग :

एक भर घालतो. लंडनच्या राष्ट्रीय कलादालनात ‘दिवसाचे चार प्रहर’ असे ज्यांना म्हणता येईल असे चार उभे फलक आहेत : पहाट, दुपार, संध्याकाळ आणि रात्र. दकां या चित्रकार मित्राच्या फाँतेनब्लो येथील कार्यशाळेच्या भिंतींसाठी कोरोने १८५८ च्या सुमारास हे केले, तेही एका आठवड्यात. पुढे ते इंग्रज चित्रकार फ्रेडरिक लेटन यांनी विकत घेऊन आपल्या घरी लावले होते. समोर झाड नाही, तळे नाही, आणि हातात फक्त आठवडाभराचा वेळ. तरीही प्रत्येक फलकातला उजेड त्या त्या प्रहराचाच आहे. फार्नेसे बागेतल्या सकाळ-दुपार-संध्याकाळच्या त्या तीन कागदांना बत्तीस वर्षे झाल्यानंतर हे घडले. तांबडी माती यांनी हे चार फलक एकदा त्या तीन कागदांच्या शेजारी ठेवून पाहावेत, अशी माझी मनापासूनची विनंती आहे.

तांबडी माती :

जलरंग, आपल्या सांगण्यावरून काल रात्री सातही चित्रांच्या प्रतिमा पडद्यावर एकत्र लावून पाहिल्या. फोरमची संध्याकाळ आणि लंडनच्या फलकातली संध्याकाळ यांत उजेड सारखाच तिरपा आणि सारखाच उबदार आहे, हे मी प्रांजळपणे कबूल करतो. ठरीव चित्रांविषयीचे माझे मत मात्र कायम आहे.

पायवाट :

ते कायम राहू द्यावे. त्याने चर्चेला वजन आले. जाता जाता शार्त्रच्या कॅथेड्रलच्या चित्राचा उल्लेख करतो, कारण ते मूळ लेखातच यायला हवे होते. जुलै १८३० मध्ये पॅरिसमध्ये क्रांती झाली तेव्हा कोरो शहर सोडून शार्त्रला गेला आणि तिथे त्याने हे चित्र केले : पुढे मातीचा आणि दगडांचा ढीग, दोन किरकोळ झाडे, काही घरे आणि त्यांच्या मागे ते दोन असमान मनोरे. एवढ्या भव्य वास्तूसमोर मातीचा ढीग ठेवण्याचे धाडस तेव्हा दुसऱ्या कोणी केले असते, असे मला वाटत नाही. हे चित्र त्याने विकले नाही. बेचाळीस वर्षे ते त्याच्याजवळ राहिले आणि १८७२ मध्ये, शहात्तराव्या वर्षी, त्याने ते पुन्हा इझलवर चढवून त्यावर काम केले. लूव्रमध्ये ते आज ज्या रूपात आहे त्यात चौतिशीतला हात कुठे संपतो आणि शहात्तरीतला कुठे सुरू होतो, हे मी कितीदा तरी शोधून पाहिले आहे.